गालिचा पाच वर्षांचा, भिंत एकोणचाळीस वर्षांची

स्थावर आणि जंगम हा मालमत्तेचा भेद आपल्याकडे शाळकरी मुलालाही ठाऊक असतो. जी जागची हलत नाही ती स्थावर, जी उचलून नेता येते ती जंगम. घर, जमीन, विहीर एका बाजूला. भांडीकुंडी, दागदागिने, गुरेढोरे दुसऱ्या बाजूला. हा भेद इतका ढोबळ आहे, की त्यातून कोणाला लाखो डॉलरांचा लाभ होत असेल असे सहसा मनातही येणार नाही. अमेरिकेत मात्र गेली पंचवीस-तीस वर्षे एक संपूर्ण व्यवसाय याच भेदावर उभा आहे. कचेऱ्यांची इमारत, हॉटेल, रुग्णालय किंवा दुकानांचे संकुल विकत घेतले, की तेथील जाणता मालक एका अभियंत्याला पाचारण करतो. हा अभियंता इमारत भक्कम आहे की नाही हे पाहण्यासाठी येत नाही. इमारतीचा किती भाग कायद्याच्या दृष्टीने ‘इमारत’ नाही, हे मोजण्यासाठी तो येतो. या मोजणीस तिकडे ‘कॉस्ट सेग्रिगेशन’ म्हणतात. मराठीत तिला किंमतविभागणी म्हणावयास हरकत नाही. ४ जुलै २०२५ रोजी राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी ज्या करकायद्यावर स्वाक्षरी केली, त्या कायद्याने या व्यवसायाला मोठेच बळ दिले आहे. ज्यांचा प्राप्तिकर पगार हाती येण्यापूर्वीच कापला जातो, अशा वर्गाने हा प्रकार नीट समजून घेणे अगत्याचे आहे. कारण कराच्या ओझ्याची वाटणी समाजात कशी होते याचे याहून बोलके उदाहरण शोधून सापडणे कठीण.

मुळात घसाऱ्याची कल्पना अत्यंत न्याय्य आहे. एखाद्या कारखानदाराने दहा लाखांचे यंत्र घेतले आणि ते दहा वर्षांत झिजून निकामी झाले, तर त्या दहा वर्षांत त्याच्या हाती पडलेली सगळी रक्कम हे त्याचे उत्पन्न नव्हे. त्यातील दहा लाख हे केवळ गेलेल्या यंत्राची भरपाई होय. तेवढी रक्कम वजा न करता कर आकारला, तर तो उत्पन्नावरचा कर न राहता भांडवलावरचा कर होईल. तेव्हा दरवर्षी झिजेइतकी रक्कम वजा करू द्यावी, हे तत्त्व जगभरच्या करकायद्यांनी मान्य केले आहे. प्रश्न उरतो तो झीज मोजायची कशी, हा. प्रत्येक मालकाच्या प्रत्येक वस्तूची झीज सरकारी अधिकाऱ्याने प्रत्यक्ष जाऊन पाहावी हे शक्य नाही. म्हणून कायदा वस्तूंचे वर्ग पाडतो आणि प्रत्येक वर्गाला एक ठरावीक आयुष्य बहाल करतो. हे आयुष्य खरे नसते, मानीव असते. आणि जेथे मानीव गोष्टींवर पैसा अवलंबून असतो, तेथे मनुष्याची कल्पकता धावत जाते.

अमेरिकन कायद्याने भाड्याच्या निवासी इमारतीचे आयुष्य साडेसत्तावीस वर्षे मानले आहे. व्यापारी इमारतीचे आयुष्य १९९३ पासून एकोणचाळीस वर्षे आहे. जमीन झिजत नाही म्हणून तिला घसारा नाही. उलट गालिचे, पडदे, स्वयंपाकघरातील उपकरणे, शोभेची दिवाबत्ती यांसारख्या वस्तू सामान्यतः पाच वर्षांच्या वर्गात मोडतात. कचेरीतील टेबलखुर्च्या सात वर्षांच्या. आणि वाहनतळ, कुंपण, पदपथ, बागबगीचा ही जमिनीवरील सुधारणा म्हणून पंधरा वर्षांच्या वर्गात येते. इमारत विकत घेताना मालक एकच ठोक रक्कम मोजतो. त्या ठोक रकमेत भिंतीही आल्या, गालिचेही आले आणि आवारातील डांबरही आले. किंमतविभागणी म्हणजे या रकमेची फोड करून, जेवढे म्हणून एकोणचाळीस वर्षांच्या कप्प्यातून काढता येईल तेवढे पाच किंवा पंधरा वर्षांच्या कप्प्यात नेऊन ठेवणे.

यातील बारकावे मोठे गमतीचे आहेत. खोलीत उजेड पाडणाऱ्या दिव्याची तार ही इमारत. परंतु उपाहारगृहाच्या भट्टीला वीज पुरवणारी तार ही भट्टीचा भाग, म्हणजे यंत्र. भिंत ही इमारत, परंतु तिच्यावर चिकटवलेला आणि सहज सोलून काढता येणारा कागद ही जंगम वस्तू. हे ठरवायचे कसे, यासाठी अमेरिकेच्या करन्यायालयाने १९७५ साली व्हाइटको इंडस्ट्रीजच्या खटल्यात सहा कसोट्या घालून दिल्या. वाद होता रस्त्याकडेच्या जाहिरातफलकांचा. वस्तू हलवता येते काय, पूर्वी कधी हलवली गेली आहे काय, ती कायमची राहावी अशा हेतूने बसवली आहे काय, ती काढण्याचा प्रसंग येण्याचा संभव आहे काय, काढण्यास किती खटाटोप पडतो आणि काढताना तिचे किती नुकसान होते, अशा स्वरूपाचे हे प्रश्न होते. न्यायालयाने फलकांना जंगम ठरवले. त्या वेळी हा सगळा खल एका निराळ्याच कारणासाठी चालला होता. १९६२ साली केनेडींच्या कारकिर्दीत यंत्रसामग्रीच्या खरेदीवर थेट करातून सूट देणारी गुंतवणूक सवलत सुरू झाली होती. इमारतींना ती मिळत नव्हती. म्हणून जे ते आपापली वस्तू ‘इमारत नव्हे’ असे सिद्ध करू पाहत होते.

पुढचा इतिहास करकायद्याच्या अभ्यासकाने आवर्जून पाहण्यासारखा आहे. एकेकाळी अमेरिकेत छप्पर, नळ, विजेची व्यवस्था अशा इमारतीच्या एकेका घटकाला स्वतंत्र आयुष्य लावून घसारा घेता येत असे. १९८१ साली रेगन सरकारने घसाऱ्याची सगळी रचनाच बदलली. सर्व इमारतींना सरसकट पंधरा वर्षांचे आखूड आयुष्य दिले, आणि त्याच्या बदल्यात घटकनिहाय घसारा बंद केला. सौदा सरळ होता : आयुष्य आखूड घ्या, पण तुकडे पाडू नका. त्यानंतर इमारतीचे आयुष्य पुन्हा वाढत गेले. १९८४ मध्ये अठरा वर्षे, १९८५ मध्ये एकोणीस, १९८६ च्या सुधारणेने व्यापारी इमारतींसाठी साडेएकतीस आणि १९९३ मध्ये एकोणचाळीस. सौद्याचा पहिला अर्धा भाग असा संपुष्टात आला. तुकडे पाडण्यावरची बंदी मात्र १९९७ साली मागील दाराने सैल झाली. हॉस्पिटल कॉर्पोरेशन ऑफ अमेरिका या रुग्णालय चालवणाऱ्या कंपनीने आपल्या रुग्णालयांतील गालिचे, भिंतींवरची व्हिनाइलची आच्छादने, स्वयंपाकघरातील धुराडी, उपकरणांकडे जाणारी वीजवाहिनी यांवर पाच वर्षांचा घसारा मागितला. महसूल खात्याचे म्हणणे असे, की हा बंद केलेलाच घटकनिहाय घसारा आहे. करन्यायालयाने ते मानले नाही. १९६२ ची गुंतवणूक सवलत १९८६ सालीच रद्द झाली होती. पण तिच्यासाठी रचलेली ‘जंगम वस्तू’ची व्याख्या मेलेली नाही, घसाऱ्यासाठी ती जिवंतच आहे, असा निर्वाळा न्यायालयाने दिला. छतासारखे काही भाग इमारतीचे म्हणून नाकारले गेले, बरेच मान्य झाले. १९९९ साली महसूल खात्याने मूळ तत्त्वापुरती हार मान्य केली आणि पुढे २००४ साली आपल्या तपासनिसांसाठी या विषयाची मार्गदर्शिकाच प्रसिद्ध केली. किंमतविभागणीचा आधुनिक धंदा येथून फोफावला. पूर्वीच घेतलेल्या इमारतीचीही आज मोजणी करून, मागील वर्षांत न घेतलेला घसारा जुनी विवरणपत्रे न बदलता एकाच वर्षात एकदम घेण्याची सोयही त्यात आहे.

यात गैर काय, असा प्रश्न कोणी विचारील. गालिचा खरोखरच पाच-सात वर्षांत विटतो. तो एकोणचाळीस वर्षे टिकतो असे मानणे हीच मुळात लबाडी. हा युक्तिवाद बिनतोड आहे, आणि केवळ विभागणीपुरते पाहिले तर किंमतविभागणीला दोष देता येत नाही. किंबहुना ठोक आयुष्यापेक्षा ती वस्तुस्थितीच्या अधिक जवळ जाते. कायद्यातील दुसऱ्या एका तरतुदीशी तिची सांगड घातली जाते, तेव्हा मात्र चित्र पालटते. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर मंदावलेल्या अर्थव्यवस्थेला चालना देण्यासाठी २००२ साली अमेरिकेने एक तात्पुरती सोय केली. आखूड आयुष्याच्या वस्तूची तीस टक्के किंमत पहिल्याच वर्षी वजा करता येईल, अशी. तात्पुरत्या सवलतींचे पुढे काय होते हे सांगावयास नको. २००३ साली तीसचे पन्नास झाले, २०१० च्या अखेरीस काही काळ शंभर झाले, २०१७ च्या कायद्याने पुन्हा शंभर झाले. आता २०२५ च्या कायद्याने, १९ जानेवारी २०२५ नंतर घेतलेल्या मालमत्तेसाठी, हे शंभर टक्के कायमचे झाले आहेत. वीस वर्षे किंवा त्याहून कमी आयुष्याच्या वर्गात जे जे बसेल त्याची संपूर्ण किंमत पहिल्या वर्षीच वजा. तेव्हा गालिचाचे आयुष्य आता पाच वर्षेही राहिलेले नाही. कायद्याच्या हिशेबात तो घेतल्या वर्षीच संपतो. आवारातील डांबरही त्याच वर्षी संपते.

आकड्यांत पाहू. समजा, एका गृहस्थाने १ कोटी डॉलरला कचेऱ्यांची इमारत घेतली. त्यातील २० लाख जमिनीचे, ८० लाख इमारतीचे. विभागणी केली नाही तर दरवर्षीचा घसारा ८० लाख भागिले ३९, म्हणजे सुमारे २ लाख ५ हजार डॉलर. आता समजा, अभियंत्याने ८० लाखांपैकी १२ लाखांचा ऐवज पाच वर्षांच्या आणि ८ लाखांचा पंधरा वर्षांच्या वर्गात बसवला. हे २० लाख पहिल्याच वर्षी वजा होतात. उरलेल्या ६० लाखांवर नेहमीचा १ लाख ५४ हजारांचा घसारा मिळतो. (वर्ष पूर्ण धरले आहे, महिन्यांचा हिशेब सोडून दिला आहे.) पहिल्या वर्षाची एकूण वजावट २ लाख ५ हजारांवरून २१ लाख ५४ हजारांवर गेली. मालकाचे अन्य इमारतींचे भाडे पुरेसे असेल आणि तो ३७ टक्क्यांच्या सर्वोच्च दरात असेल, तर त्या वर्षीचा त्याचा कर सुमारे ७ लाख २१ हजार डॉलरांनी कमी झाला.

अर्थात हे पैसे माफ झाले नाहीत, असे या व्यवस्थेचे समर्थक सांगतात, आणि तेही खरे आहे. पुढील अडतीस वर्षे त्याला दरवर्षी सुमारे ५१ हजार डॉलरांची वजावट कमी मिळेल, म्हणजे दरवर्षी जवळपास १९ हजार डॉलर कर जास्त भरावा लागेल. अडतीस वर्षांची बेरीज केली तर ती बरोबर ७ लाख २१ हजारच येते. सरकारचे काही बुडाले नाही, केवळ उशीर झाला! परंतु व्याजाचे गणित शिकलेला विद्यार्थी येथेच थांबणार नाही. सहा टक्के दराने या अडतीस हप्त्यांचे आजचे मूल्य काढले तर ते अवघे २ लाख ८२ हजार भरते. म्हणजे सरकारने आज ७ लाख २१ हजारांचे बिनव्याजी कर्ज दिले आणि त्याच्या मोबदल्यात आजच्या भावाने २ लाख ८२ हजार परत घेतले. ४ लाख ३९ हजार डॉलर मालकाच्या पदरात पडले, तेही इमारतीत एक वीट न वाढवता.

याला कर्जाची जोड दिली की लाभ कसा फुगतो ते पाहण्यासारखे आहे. १९४७ सालच्या क्रेन खटल्यापासून अमेरिकेत असा दंडक आहे, की मालमत्ता गहाणाच्या कर्जासह घेतली तर घसारा स्वतःच्या पैशापुरता नव्हे, तर पूर्ण किमतीवर मिळतो. वरील गृहस्थाने ७० लाख कर्जाऊ घेतले आणि ३० लाख स्वतःचे घातले, तरी त्याची पहिल्या वर्षाची वजावट २१ लाख ५४ हजारच. स्वतः घातलेल्या रकमेच्या सत्तर टक्क्यांहून अधिक वजावट बारा महिन्यांत मिळाली. शिवाय ७० लाखांवरचे व्याज निराळे वजा होते ते होतेच. भांडवली खर्च एकदम वजा करू देणे हे उत्पन्नाऐवजी उपभोगावर कर बसवण्याच्या विचारसरणीत बसते, आणि त्या विचारसरणीला अर्थशास्त्रात मानाचे स्थान आहे. पण त्या विचारसरणीची अट अशी, की मग व्याजाची वजावट मिळता कामा नये. दोन्ही एकत्र दिले की कर शून्यावर थांबत नाही. शून्याच्या खाली जातो आणि त्याचे अनुदान बनते. अमेरिकन काँग्रेसने इमारतमालकांना दोन्ही दिले आहे.

मालमत्ता विकताना तरी हिशेब चुकता होत असेल, असे वाटणे साहजिक आहे. कायद्यात तशी तरतूद आहेही. जंगम म्हणून घेतलेला घसारा विक्रीच्या वेळी नेहमीच्या दराने, म्हणजे ३७ टक्क्यांपर्यंत, परत वसूल होतो. इमारतीवरचा घसारा २५ टक्क्यांपर्यंतच्या दराने. परंतु दहा वर्षांनी इमारत विकताना जुन्या गालिचाला किंमत ती काय राहणार? विक्रीची रक्कम साहजिकच भिंतींच्या आणि जमिनीच्या नावे मांडली जाते, आणि त्या वाढीवर भांडवली नफ्याचा २० टक्क्यांचा सर्वोच्च दर लागतो. ३७ टक्क्यांनी वजा केले, २० टक्क्यांनी परत दिले. ज्याला तेवढेही द्यायचे नाही, त्याने इमारत न विकता दुसऱ्या इमारतीशी तिची अदलाबदल करावी; असा विनिमय शंभर वर्षांहून अधिक काळ तेथे करमुक्त समजला जातो. २०१७ पासून यंत्रे आणि वाहनांना ही सोय उरलेली नाही. स्थावराला मात्र आहे. म्हणजे घसारा घेताना जी वस्तू जंगम, तिच्याभोवतीची वास्तू अदलाबदलीच्या वेळी पुन्हा स्थावर! आणि मालकाच्या निधनाबरोबर तर सगळेच धुऊन निघते. वारसांच्या हिशेबी मालमत्तेची किंमत मृत्युसमयीच्या बाजारभावाने नव्याने धरली जाते. वडिलांनी घेतलेला घसारा विस्मृतीत जातो, आयुष्यभराची भाववाढ करातून सुटते, आणि मुले नव्या किमतीवर पुन्हा घसारा सुरू करतात. अभियंता पुन्हा एकदा येतो आणि गालिचे मोजतो. वारसा कर आहे म्हणावे, तर २०२६ पासून माणशी दीड कोटी डॉलरपर्यंतच्या मालमत्तेला तो लागतच नाही.

या सवलतींचे समर्थन नेहमी गुंतवणुकीच्या नावाने केले जाते. इमारती उभ्या राहतील, मजुरांना काम मिळेल, भाडी उतरतील. नव्या बांधकामापुरता या म्हणण्यात काही अर्थ आहे. चलनवाढीच्या काळात मूळ खरेदी किमतीवर मोजलेला घसारा खऱ्या झिजेपेक्षा कमी पडतो, हेही मान्य केले पाहिजे. १९८१ सालचे पंधरा वर्षांचे आयुष्य त्याच तक्रारीतून जन्मले होते. परंतु २०१७ च्या कायद्याने एक चमत्कारिक गोष्ट केली. तोवर पहिल्या वर्षाची जादा वजावट फक्त नव्या वस्तूंना होती. ती जुन्या, वापरलेल्या वस्तूंनाही लागू झाली, विकत घेणाऱ्याने त्या पूर्वी वापरलेल्या नसल्या म्हणजे झाले. आता तीस वर्षांपूर्वी बांधलेली इमारत एकाने दुसऱ्याला विकली, की दुसरा मालक त्याच वाहनतळाची आणि त्याच विजेच्या तारांची किंमत एका वर्षात वजा करतो. त्या तारा तर केव्हाच ओढल्या गेल्या आहेत! या व्यवहारातून एकही नवा मजूर कामाला लागत नाही, चौरस फुटाचीही भर पडत नाही. केवळ मालकीचा कागद बदलतो. जी गुंतवणूक पूर्वीच होऊन गेली तिला प्रोत्साहन देता येत नाही, हे कोणत्याही प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्याला समजावे. ही सवलत अखेर इमारतींच्या किमतीत मुरते, आणि कायदा बदलण्याच्या दिवशी ज्याच्या हाती इमारत होती त्याला ती बक्षीस म्हणून मिळते.

नव्या बांधकामाच्या बाबतीतही इतिहास सावध करणारा आहे. १९८१ च्या पंधरा वर्षांच्या आयुष्याने अमेरिकेत कचेऱ्यांच्या बांधकामाला ऊत आला. डॉक्टर, दंतवैद्य, वकील असे मोठ्या पगाराचे लोक भागीदारीचे हिस्से घेऊ लागले. भाड्यासाठी नव्हे; कागदी तोटा मिळावा आणि तो आपल्या मिळकतीतून वजा करता यावा म्हणून. भाडेकरू मिळतील की नाही याची फिकीर कोणी केली नाही. टेक्ससच्या शहरांत रिकाम्या मजल्यांच्या इमारती उभ्या राहिल्या. १९८६ च्या सुधारणेने आयुष्य लांबवले आणि असा निष्क्रिय तोटा पगारातून वजा करण्यास बंदी घातली, तेव्हा इमारतींचे भाव कोसळले. तेलाचे उतरलेले दर आणि बेफिकीर कर्जवाटप ही कारणेही तितकीच मोठी होती. पण त्या दशकाच्या अखेरीस शेकडो बचत-कर्ज संस्था बुडाल्या त्यात करकायद्याच्या या धरसोडीचा वाटा होता, असे अनेक अर्थतज्ज्ञांनी नमूद केले आहे. बुडालेल्या ठेवींची भरपाई सरकारने केली, म्हणजे करदात्यांनी केली.

१९८६ ची ती बंदी आजही आहे, आणि पगारदाराच्या दृष्टीने तीच सर्वांत महत्त्वाची भिंत आहे. नोकरी करणाऱ्याने एखाद्या इमारतीत हिस्सा घेतला तर त्याचा कागदी तोटा त्याच्या पगाराला लागत नाही. लहान भाडेमालकाला २५ हजार डॉलरची मर्यादित मुभा आहे, तीही दीड लाखाच्या उत्पन्नावर नाहीशी होते. भिंतीला फटी मात्र आहेत. जो वर्षाचे ७५० तास आणि आपल्या कामाच्या निम्म्याहून अधिक वेळ स्थावर मालमत्तेच्या धंद्यात घालवतो, त्याला ही बंदी लागू नाही. आणि पतिपत्नींचे विवरणपत्र एकत्र असल्यास दोघांपैकी एकाने ही अट पुरी केली तरी चालते. पाहुण्यांचा सरासरी मुक्काम सात दिवस किंवा त्याहून कमी असलेले घर भाड्याचे मानले जात नाही, ही दुसरी फट. अमेरिकेतील मराठी डॉक्टर आणि संगणक अभियंते यांच्यापुढेही या वाटा खुल्या आहेत, आणि कायद्याने दिलेली सवलत घेणाऱ्याला चोर म्हणण्याचे कारण नाही. पण त्याच देशातील शाळाशिक्षकाकडे पाहावे. वर्गासाठी खडू, कागद, पुस्तके त्याने पदरमोड करून आणली, तर २०२२ ते २०२५ या वर्षांत त्याला त्यापोटी जास्तीत जास्त ३०० डॉलर उत्पन्नातून वजा करता येत होते. गालिचाला आणि डांबराला मात्र अशी मर्यादा नाही.

आपल्या देशात या वादाचा पहिला अंक फार पूर्वी होऊन गेला आहे, हे थोड्यांच्याच स्मरणात असेल. सिकंदराबादच्या ताजमहाल हॉटेलने (मुंबईच्या ताजशी त्याची गल्लत करू नये) आपल्या न्हाणीघरांतील स्वच्छतेची उपकरणे आणि नळ यांना ‘यंत्रसंच’ मानून विकाससवलत द्यावी अशी मागणी केली होती. १९७१ साली सर्वोच्च न्यायालयाने ती मान्य केली. हॉटेलच्या धंद्यात गिऱ्हाइकाची सोय हेच उत्पादन असल्याने न्हाणीघराचे नळ हे धंद्याचे साधन ठरतात, असा त्यामागचा विचार होता. पुढे हॉटेलची आणि चित्रपटगृहाची अख्खी इमारतच यंत्रसंच समजावी इथपर्यंत मजल गेली. ती मागणी २००० साली आनंद थिएटर्सच्या प्रकरणात न्यायालयाने फेटाळली. त्यानंतर २००३ च्या वित्त कायद्याने व्याख्येतच दुरुस्ती करून इमारती आणि फर्निचर-फिटिंग्ज यांना यंत्रसंचातून वगळले. आज व्यापारी इमारतीवर आणि फर्निचरवर, विजेच्या जोडण्यांसह, एकाच दहा टक्के दराने घटता घसारा मिळतो. दर एकच असल्यावर तार दिव्याची की भट्टीची, हे ठरवण्यासाठी अभियंता बोलावण्यात कोणाला स्वारस्य राहणार? नुसती मालकी असलेला आणि गाळे भाड्याने देऊन स्वस्थ बसणारा मालक तर सामान्यतः घसाऱ्याच्या वाटेला जाऊच शकत नाही. त्याला देखभालीपोटी भाड्याच्या तीस टक्के ठोक वजावट मिळते, मग त्याने रंगाचा एक हात मारलेला असो वा नसो. ही व्यवस्थाही निर्दोष नाही. पण ती मर्यादित आहे, आणि तिची मर्यादा किती हे सरकारी कोषागाराला आधी कळते.

अमेरिकेतही फार मोठी उलथापालथ न करता बरेच काही साधण्यासारखे आहे. शंभर टक्क्यांची सवलत वापरलेल्या मालमत्तेवरून काढून घेतली, तर नव्या बांधकामाला धक्का न लावता वायफळ खर्चाचा मोठा भाग वाचेल. २०१७ पूर्वी तसेच होते आणि तेव्हा इमारती बांधणे कोणी थांबवले नव्हते. मृत्यूच्या वेळी निदान आधी घेतलेल्या घसाऱ्यापुरता तरी हिशेब पुरा करून घेणे, ही दुसरी दुरुस्ती. राजकीय दृष्ट्या ती अधिक अवघड आहे, कारण वारसाहक्काचा विषय निघाला की शेतकरी कुटुंबांना पुढे केले जाते आणि त्यांच्या आडून गगनचुंबी इमारतींचे मालक बोलत राहतात. तोवर एक लहानसा अंकुश कायद्यातच होता. २०१७ ची सवलत मुदतीची होती. २०२३ साली ती ८० टक्क्यांवर, २०२४ साली ६० वर आणि २०२५ च्या आरंभी ४० वर आली होती, आणि २०२७ साली शून्यावर येणार होती. दर काही वर्षांनी ती पुन्हा मागावी लागे, तिचा खर्च किती हे काँग्रेससमोर मांडावे लागे. ‘कायम’ या एका शब्दाने ती विचारणाही आता बंद झाली आहे.